घोड्याचा दाणा कोणाच्या खर्चाने?

शिरूरच्या बाजारपेठेत, एका जिन्यावरच्या खोलीत बसून मी अडतीस वर्षे लोकांची आयकर विवरणपत्रे भरली. दर जुलैमध्ये जिन्यावर चपला साठतात आणि दर जुलैमध्ये एक प्रश्न न चुकता येतो : “सर, माझ्या पेट्रोलचे काय?” त्याला मी वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो, “पगारदाराला पेट्रोल वेगळे मिळत नाही.” उत्तर बरोबर होते. त्यामुळे त्यामागे काही इतिहास असेल असे मला कधी वाटले नाही.

काही वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका कागद घेऊन आल्या. शिरूरहून सव्वीस किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे, असा त्यांचा रोजचा स्कूटीचा प्रवास. त्यांच्या आधी खतांचे एक व्यापारी बसले होते. त्यांच्या जीपचे डिझेल, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार, शिवाय गाडीचा घसारा असे सगळे मी नफ्यातून वजा करत होतो. बाई शांतपणे ऐकत होत्या. व्यापारी उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, “सर, त्यांची जीप धंद्याची आणि माझी स्कूटी काय हौसेची?”

त्या दिवशी मी कायद्याचे कलम सांगितले खरे, पण प्रश्न मनातून गेला नाही. कामासाठी करावा लागणारा प्रवास नक्की कोणाचा खर्च? काम करून घेणाऱ्याचा, काम करणाऱ्याचा, की तिसऱ्याच कोणाचा? हा प्रश्न आयकरापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात त्याच्या खुणा जागोजागी सापडतात. त्यांचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

बारगीर आणि शिलेदार

भीमेच्या दोन्ही तीरांवरचा, आजच्या दौंड-बारामतीकडचा मुलूख जुन्या काळी भीमथडी म्हणून ओळखला जाई. इथली काटक, कमी दाणा-पाण्यावर लांब पल्ला मारणारी भीमथडी तट्टे मराठी फौजांना परिचित होती. त्या फौजेत घोडेस्वारांचे दोन मुख्य वर्ग असत. सरकारी पागेतला घोडा घेऊन लढणारा तो बारगीर; स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची जी रचना दिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्यांच्या मागे एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजे बारगिराच्या घोड्याचे पाणी आणि नालही सरकारच्या हिशेबात धरलेले होते.

शिलेदाराचे तसे नव्हते. त्याला वेतन जास्त मिळे, पण त्याच वेतनात घोड्याचा दाणा, वैरण, नाल, खोगीर असे सगळे आले. घोडा मेला तर घोड्याबरोबर त्याची रोजीही जाण्याचा धोका असे. आजच्या भाषेत सांगायचे तर बारगीर हा कंपनीची गाडी वापरणारा नोकरदार आणि शिलेदार हा स्वतःची गाडी घेऊन कंत्राटावर आलेला माणूस. शिलेदाराला मिळणाऱ्या जादा रकमेत मेहनताना किती आणि घोड्याचा खर्च किती, हे वेगळे काढायची कोणाला गरज नव्हती. कारण त्या रकमेवर कर नव्हता. ती गरज पुढे निर्माण झाली.

शिरूरला इंग्रजी फौज आली ती १८०२ अखेरच्या वसईच्या तहानंतर. शिरूरची छावणी उभी राहिली आणि घोडनदी हे गावाचे नाव फौजी कागदांत रुळले. या छावणीचा अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली इथेच वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे लोक पुढे सत्पुरुषाचे स्थान म्हणून मानू लागले, ही हकीकत शिरूरकरांना ठाऊक आहेच. १३ जून १८१७च्या पुणे कराराने दुसऱ्या बाजीरावाकडून मुलूख घेण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नातून इंग्रजांच्या हाताखाली घोडदळ उभे करण्याचे ठरले. त्यातूनच ‘पूना हॉर्स’चा जन्म झाला. घोडे भीमथडीकडचे, खर्च पेशव्याच्या मुलखाचा, हुकूम इंग्रजांचा! त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरच्या रात्री, कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून निघाली आणि सुमारे चाळीस किलोमीटर चालून सकाळी कोरेगाव भीमाला पोचली. तिच्यातही हे घोडेस्वार होते.

हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. कंपनी सरकारने मराठ्यांची ही रीत उचलली, कारण ती स्वस्त होती. स्वाराने घोडा आणि सामान आणायचे, सरकारने ठरावीक रक्कम द्यायची आणि घोड्याची काळजी स्वारावर सोडायची. हिंदी फौजेत ही पद्धत शंभर वर्षे टिकली. पहिल्या महायुद्धात हजारो घोडे परदेशी पाठवायची वेळ आली, तेव्हा स्वाराच्या खिशावर चालणारी ही व्यवस्था कोलमडली आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली.

भत्ता या शब्दाची कहाणी

‘भत्ता’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो मुळात फौजी आहे हे लक्षात येत नाही. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशाने त्याचे नाते कानडीतल्या भातवाचक ‘भत्त’ शब्दाशी जोडले आहे. छावणी सोडून मुलुखात फिरणाऱ्या माणसाच्या पोटाचा जादा खर्च, म्हणजे भत्ता. घरी जेवला असता ते बाहेर जेवावे लागले, त्याची भरपाई.

पण भत्त्याची एक खोड आहे. तो एकदा सुरू झाला की घेणाऱ्याच्या दृष्टीने पगार होतो आणि देणाऱ्याच्या दृष्टीने खर्चच राहतो. १७६६ साली क्लाइव्हने बंगालमधील गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता बंद केला, तेव्हा त्यांनी एकजुटीने राजीनामे देण्याचा घाट घातला. पुढे बेंटिंकच्या काळात ‘निम्म्या भत्त्या’चा हुकूम निघाला आणि त्याच्यावर अनेक वर्षे शिव्याशाप चालले. सिंध जिंकून घेतल्यावर १८४०च्या दशकात देशी शिपायांना सांगण्यात आले, की सिंध आता परमुलूख नाही, म्हणून परमुलखाचा भत्ताही नाही. शिपायांनी विचारले, मुलूख कोणाचाही असो, आमच्या घरापासून तो तेवढाच दूर नाही का? त्या प्रश्नावर पलटणी बिथरल्या आणि काहींना जबर शिक्षा झाल्या. नकाशावरची रेघ हलली की माणसाचा खर्च कमी होतो, हे कचेरीतले तर्कशास्त्र तेव्हापासूनचे आहे.

ज्यांना भत्ताच नव्हता

इथपर्यंत ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना निदान भांडण्यासाठी भत्ता तरी होता. याच रस्त्यांवरून चालणारा एक मोठा वर्ग असा होता, की ज्याच्या पायपिटीची कोणत्याही खात्यावर नोंद नव्हती.

अंमलदार दौऱ्यावर निघाला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, वाट दाखवायची, गावचा वसूल कसब्याच्या कचेरीत नेऊन द्यायचा, टपाल आणि निरोप पोचवायचे, ही कामे महार वतनदाराकडे होती. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुते. काम सरकारचे, पण मोबदला गावाच्या खळ्यावरचा! अंमलदाराच्या दौऱ्याचा भत्ता कागदावर चढत होता आणि त्या दौऱ्याचे ओझे डोक्यावर घेऊन चालणारा माणूस वेठीवर होता. राज्य बदलले, अंमलदार बदलले, दौऱ्याचे नियम छापले गेले. ही वेठ मात्र बराच काळ तशीच राहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी आले, हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतर सव्वा वर्षाने, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्याची आठवण तुलनेने कमी काढली जाते. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने ते विधेयक फार महत्त्वाचे आहे. सरकारी काम करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला रोख आणि निश्चित मिळावा, रात्री-अपरात्री कोणीही हाक मारून पळवावे अशी त्याची स्थिती राहू नये, हा त्यातला गाभा होता. ते विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला आणि १९५९च्या ऑगस्टपासून लागू झाला. प्रवासखर्चाच्या इतिहासात घोडे आणि मोटारी सहज सापडतात. अनवाणी पायांचा हिशेब मात्र शोधून काढावा लागतो.

कर आला आणि घोडा कायद्यात शिरला

हिंदुस्थानात आयकर आला तो १८५७च्या उठावाचे कर्ज फेडण्यासाठी. जेम्स विल्सनने फेब्रुवारी १८६० मध्ये अर्थसंकल्प मांडला आणि त्याच वर्षी जुलैपासून कर लागू झाला. वर्षाला दोनशे रुपयांवर उत्पन्न असणाऱ्याला तो लागे. पाचशेपर्यंत दोन टक्के आणि त्यापुढे चार टक्के. पाच वर्षांत तो बंद पडला, मग वेगवेगळ्या नावांनी येत-जात राहिला आणि १८८६च्या कायद्याने कायमचा स्थिरावला.

कर आला आणि शिलेदाराच्या रकमेतले जे दोन भाग तोवर एकत्र नांदत होते, ते वेगळे करणे भाग पडले. मेहनताना असेल तर कर. खर्चाची भरपाई असेल तर कर नाही. व्यापाऱ्याच्या बाबतीत हे सोपे होते. तो नफ्यावर कर देतो आणि नफा म्हणजे खर्च वजा जाता उरलेली रक्कम. नोकरदाराच्या बाबतीत मात्र कायद्याने हात आखडता घेतला.

हा आखडता हात इंग्लंडमधून आला. तिथल्या कायद्यात नोकरदाराला दोन गोष्टींची वजावट होती : कर्तव्य बजावताना करावा लागलेला प्रवास, आणि ते बजावता यावे म्हणून घोडा पाळण्याचा खर्च. घोड्याचे हे शब्द एकोणिसाव्या शतकातले. रस्त्यांवरून घोडे गेले, मोटारी आल्या, तरी १९८८च्या ब्रिटिश कायद्यापर्यंत घोडा त्या कलमात उभा होता!

१९२०च्या दशकात एक खटला तिथल्या उमराव सभेपर्यंत गेला. रिकेट्स नावाचे बॅरिस्टर लंडनला राहत, तिथेच वकिली करत आणि पोर्टस्मथ या बंदराच्या शहरात अर्धवेळ न्यायाधीश म्हणून जात. त्यांनी रेल्वेचे भाडे आणि हॉटेलचा खर्च मागितला. झगा आणि टोप ठेवलेली पत्र्याची पेटी कोर्टात नेण्याचा खर्चही मागितला. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. न्यायमूर्तींचे म्हणणे असे, की त्यांचे काम पोर्टस्मथला कोर्टात सुरू होते. ते लंडनला राहतात ही त्यांची निवड आहे. पोर्टस्मथला राहणाऱ्या माणसाला हा खर्च आलाच नसता. म्हणून तो कामाचा खर्च नव्हे, राहण्याच्या ठिकाणाचा खर्च आहे.

घरापासून कामापर्यंतचा प्रवास खाजगी, ही आज अनेक देशांत मानली जाणारी कसोटी याच विचारातून पक्की झाली. आमच्या शिक्षिकेच्या स्कूटीला अडवणारा दोर थेट त्या पत्र्याच्या पेटीपर्यंत जातो. जिल्हा परिषदेच्या नोकरीत ‘मुख्यालयी राहण्याची’ जी अट आहे, तिच्यामागचे तर्कशास्त्रही हेच : तुम्ही शाळेच्या गावी राहायला हवे, नसाल राहत, तर रस्ता तुमचा. त्या गावी भाड्याने खोली मिळते का, मुलांना पुढची शाळा आहे का, नवऱ्याची नोकरी कुठे आहे, हे प्रश्न त्या कसोटीत बसत नाहीत.

आपल्या १९६१च्या आयकर कायद्याने सुरुवातीला थोडी उदारता दाखवली होती. त्याच्या मूळ सोळाव्या कलमात नोकरदाराला कामासाठी लागणारी पुस्तके, वर्षाला पाचशे रुपयांपर्यंत, वजा करता येत. वाहनभत्ता मिळत नसेल पण स्वतःचे वाहन नोकरीच्या कामासाठी वापरले जात असेल, तर त्याची देखभाल आणि झीजही धरता येई. म्हणजे शिलेदाराला कायद्यात जागा होती. पण प्रत्येक मास्तराच्या सायकलीची झीज कोण मोजणार? १९७४च्या वित्त कायद्याने हे सगळे गुंडाळून त्याजागी एक ठोक रक्कम आणली, तीच प्रमाणित वजावट : पहिल्या दहा हजार पगारावर वीस टक्के, पुढे दहा टक्के, कमाल साडेतीन हजार रुपये. ज्याला वाहनभत्ता किंवा मालकाची मोटार मिळते, त्याला ही वजावट एक हजारापर्यंतच होती. बारगीर आणि शिलेदार यांच्यातला फरक कायद्याने तेव्हा ओळखला होता, एवढे म्हणता येईल.

दौंडची पेटी

१९७४ हे साल आमच्या घरात मात्र वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. त्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, दौंडला मालगाडीचे गार्ड होते.

शिरूरला रेल्वे नाही; दौंड म्हणजे रेल्वेच. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि मुंबईहून मद्रासकडे आणि उत्तरेकडे जाणाऱ्या वाटा भीमेकाठी येऊन जुळल्या. इंजिने बदलायची, माणसे बदलायची, असे हे गाव. रात्री दीड-दोनला कॉल बॉय वही घेऊन दार ठोठावी. अण्णा सही करत, आई स्टोव्ह पेटवी. आणि त्यांची पेटी निघे. काळी, पत्र्याची, पांढऱ्या रंगात नाव घातलेली. तिच्यात लाल-हिरवी निशाणे, हातदिवा, धुक्यात रुळावर लावायचे फटाके, नियमांचे पुस्तक. पेटी उचलायला स्टेशनवर वेगळी माणसे असत. रिकेट्स साहेबांच्या खटल्यात पत्र्याची पेटी वाचली, तेव्हा मला प्रथम अण्णांची पेटी दिसली. फरक इतकाच, की अण्णांची पेटी वाहण्याचा खर्च रेल्वेचा होता. आता त्या पेट्या जाऊन चाकांच्या बॅगा आल्या आहेत आणि २०२२पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात.

गाडीबरोबर धावणाऱ्यांना रोजभत्ता नसतो. त्यांना धावलेल्या अंतरावर पैसे मिळतात. दौंडमध्ये त्याला आजही ‘मायलेज’ म्हणतात, जरी १९८१च्या नियमांपासून तो शंभर किलोमीटरच्या दराने मोजला जातो. दौंडच्या दुकानदारांना मायलेजचे फार कौतुक. ‘गार्डाच्या घरी दोन पगार’ असे बोलले जाई. आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मायलेजमधूनच झाल्या, हे मी नाकारत नाही.

मग तो पगार की खर्च? सरकारनेच याची दोन उत्तरे दिली आहेत. रेल्वेच्या नियमांत धावत्या कर्मचाऱ्याच्या भत्त्यात पगाराचा अंश आहे असे मानून, मूळ वेतनाच्या तीस टक्के रक्कम काही कामांसाठी पगारात धरतात; निवृत्तिवेतनासाठी पंचावन्न टक्के. आयकराच्या नियमात वाहतूक व्यवस्थेत धावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अशा भत्त्यापैकी सत्तर टक्के रक्कम, ठरावीक मर्यादेपर्यंत, करमुक्त. ही मर्यादा आधी महिना सहा हजार होती, १ सप्टेंबर २००८पासून दहा हजार झाली. तीस आणि सत्तर मिळून शंभर होतात, म्हणून दौंडच्या अनेकांना वाटते की एकाच रकमेचे हे दोन तुकडे आहेत. तसे नाही. तीस टक्के मूळ वेतनाचे आणि सत्तर टक्के भत्त्याचे. दोन वेगळ्या खात्यांनी, दोन वेगळ्या गरजांसाठी केलेली ही दोन मोजमापे आहेत. पण दोन्हींत एक कबुली आहे : या रकमेत मेहनताना आणि खर्च दोन्ही मिसळले आहेत. शिलेदाराचा तोच जुना गुंता.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. १९९०च्या दशकात अण्णांचे एका वर्षाचे विवरणपत्र मी भरले, तेव्हा भत्त्याची सूट वजा करायचे राहून गेले. राहून गेले म्हणण्यापेक्षा, मला ती सुचलीच नाही. मायलेज म्हणजे पगारच, हे दौंडचे मत माझ्याही अंगात भिनलेले होते. अण्णांनी काही न बोलता जादा कर भरला. दुसऱ्या वर्षी नियम नीट वाचल्यावर मी त्यांना म्हणालो, “पण अण्णा, तुमचा खरा खर्च तरी कुठे तेवढा होता? शिधा घरून नेत होता, रनिंग रूममध्ये आचारी करून देत होता.” ते म्हणाले, “बिलं असलेला खर्च नव्हता रे. रात्री दोनला उठून जायचं बिल कुठं मिळतं?” मागच्या वर्षीची चूक दुरुस्त करायचे मी पुढे ढकलत राहिलो आणि मुदत टळली.

ते गेल्यावर त्यांच्या पेटीत एक वही सापडली. महिन्यावार नोंदी : चहा, भाजी, टॉर्चचे सेल, बुटाचे तळ, सोलापूरला डॉक्टर. एका महिन्याला मायलेज १,१४० आणि बाहेरचा खर्च ४१५. त्या वर्षाच्या अखेरीस एक ओळ होती, “मायलेजवर पूर्ण कर भरला. मुलाने सांगितल्याप्रमाणे.” तक्रार नव्हती. नोंद होती, एवढेच.

ती वही वाचून मला आयकरातल्या एका बारीक गोष्टीचा अर्थ कळला. धावत्या कर्मचाऱ्याच्या सत्तर टक्के सुटीसाठी खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. इतरत्र पावतीवर अडून बसणारा कायदा इथे ठोक टक्केवारी मान्य करतो, कारण घराबाहेर काढलेल्या रात्रीची पावती निघत नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

आजचा हिशेब

घर ते काम या प्रवासालाही आपल्याकडे काही काळ दार उघडले होते. १९९७पासून वाहतूक भत्त्यातले महिना आठशे रुपये करमुक्त झाले. २०१५ साली ते सोळाशे झाले. पण हे ज्याच्या पगारपत्रकात तसा भत्ता आहे त्यालाच. २००५च्या वित्त कायद्याने प्रमाणित वजावट काढून टाकली होती. २०१८ साली ती चाळीस हजार म्हणून परत आली आणि तिच्या बदल्यात वाहतूक भत्त्याची सूट गेली. पुढे ती पन्नास हजार झाली आणि २०२४ साली नव्या करपद्धतीत पंचाहत्तर हजार.

ही नवी पद्धत सुटसुटीत आहे आणि दर कमी असल्याने बहुतेकांना फायद्याचीही ठरते. तीत दौऱ्याचा खर्च, बदलीचा प्रवास, कामावर असतानाचा वाहनखर्च यांच्या भत्त्यांना सूट राहिली. धावत्या कर्मचाऱ्याच्या सत्तर टक्क्यांना मात्र राहिली नाही. आता दौंडचे गार्ड आणि लोको पायलट मला विचारतात, “जुनी घ्यायची की नवी?” प्रत्येकाचा आकडा मांडून पाहावा लागतो. अनेकांना नवी बरी पडते. पण त्या नव्या पद्धतीच्या दृष्टीने त्यांची रात्र आणि कचेरीत बसणाऱ्याचा दिवस सारखाच, हेही खरे.

आजही बारगीर आहेतच. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या अधिकाऱ्याला कंपनीची मोटार मिळते. ती कामासाठी आणि घरासाठी दोन्हीकडे वापरली, तर अनेक वर्षे लहान इंजिनाच्या गाडीचे महिना अठराशे, मोठीचे चोवीसशे आणि ड्रायव्हरचे नऊशे, एवढीच रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जात असे. उसाच्या मोसमात फिरणाऱ्या ट्रकमालकांना पावत्यांशिवाय अंदाजी उत्पन्न दाखवण्याची मुभा आहे : बारा टनांवरच्या मालवाहू गाडीला दर टनामागे महिना हजार रुपये, इतर गाडीला महिना साडेसात हजार. टपाल खात्यातल्या पोस्टमनचा आणि रेल्वेच्या ट्रॅकमनचा सायकल भत्ता सातव्या वेतन आयोगाने बंद करायला सांगितला होता. सरकारने २०१७ साली तो चालू ठेवला आणि महिना नव्वदचा एकशे ऐंशी केला. घोडा, सायकल, मोटार, ट्रक. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, कारण प्रत्येकाचे भांडण वेगळ्या वेळी, वेगळ्या दारात झाले. ज्यांनी भांडण केले त्यांचा नियम झाला. एकेकट्याने, एकेका स्कूटीवरून, रोज वेगळ्या रस्त्याने जाणाऱ्यांचे भांडण एकत्र होत नाही.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा. त्यात शब्द सोपे केले आहेत, कलमांचे आकडे बदलले आहेत. घर ते काम हा प्रवास खाजगी, ही मूळ कल्पना मात्र कायम आहे.

त्या शिक्षिका यंदाही आल्या होत्या. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. रोज बावन्न किलोमीटर, लिटरला पंचेचाळीसचे ॲव्हरेज, पेट्रोल एकशे पाच धरले तर दिवसाला एकशेवीस रुपये. चोवीस दिवसांचे सुमारे एकोणतीसशे. शाळेच्या दहा महिन्यांचे एकोणतीस हजार. “तुमच्या पंचाहत्तर हजारांत हे बसतात,” मी म्हणालो. “ही ठोक वजावट १९७४ साली आली तेव्हा सायकल-स्कूटरच्या वजावटीलाच पोटात घेऊन आली होती. नाव पुसले गेले, एवढेच.”

त्या म्हणाल्या, “म्हणजे शाळेच्या शेजारी राहणाऱ्यालाही तेवढेच?”

“हो. तेवढेच.”

त्यांनी मान हलवली आणि सही केली. जाताना मी त्यांना एक वही ठेवायला सांगितले. रोजची तारीख, किलोमीटर, पेट्रोल. आयकरात तिचा आज उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगितले. मग कशाला, असे त्यांनी विचारले नाही. मी अण्णांच्या वहीबद्दल त्यांना काही सांगितले नाही. पण कोणत्याही नियमात ज्या खर्चाला जागा होते, तो आधी कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेला असतो, एवढे मला या शोधातून समजले आहे.